बसलेला खांदा

आपल्या भाषेने खांद्यावर पुष्कळ ओझे टाकले आहे. लढताना आपण खांद्याला खांदा लावतो, लेकराला खांद्यावर बसवून जत्रा दाखवतो, आणि शेवटचा प्रवासही चार खांद्यांवरूनच करतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी होते; माणसाच्या खांद्याची अशी विचारपूस कोणी करीत नाही.

शाळेत आम्ही याला उखळीचा सांधा म्हणून शिकवतो. खुब्याला ते नाव शोभते. खांद्याची उखळ म्हणजे उथळ बशी, आणि तिला टेकलेला मोठा गोळा. म्हणून तर हात फळीवरच्या डब्यापर्यंत पोचतो, पाठीला उटणे लावतो. आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांत सर्वांत जास्त वेळा निखळतो तो खांदाच.

आमच्या शाळेच्या कबड्डी संघात एक चढाईबहाद्दर होता. सोळाव्या वर्षी पकडीत त्याचा खांदा निखळला. हाडवैद्याने तो बसवला, चार दिवस हात गळ्यात बांधला. "बसला की झालं, गुरुजी," आई म्हणाली. पुढे तो सामन्यात निखळला, मग माळ्यावरचे पोते ओढताना, आणि अखेर सदऱ्याच्या बाहीत हात घालताना! पोरगा झटका देऊन आपला आपण बसवी. मुले कौतुकाने पाहत.

खांदा बसत होता, पण झिजलेले हाड भरून येत नव्हते. गोळा पुढे निसटताना बशीची कड दुखावते, कधी तिचा टवकाही उडतो. त्याच कडेवर आपटून गोळ्याला मागून खळगा पडतो. कडेची ही इजा बँकार्ट या इंग्रज शल्यविशारदांनी १९२३ साली वर्णिली. खळग्याचे वर्णन हिल आणि सॅक्स यांनी १९४० साली केले. दर खेपेला कड थोडी झिजते, आणि कड झिजली की पुढची खेप सोपी होते. पहिली खेप विशीच्या आत आलेली, मुलाची जात, झटापटीचा खेळ, उपजत सैल सांधे, यांनी धोका वाढतो. फेफऱ्याच्या झटक्यांत तर हाड फारच जाते. आमच्या गड्याच्या पदरी यांतल्या पहिल्या तिन्ही गोष्टी होत्या.

शहरातल्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन दाखवला. बशीची जवळजवळ पाव रुंदी गेली होती. एवढे हाड गेल्यावर नुसत्या टाक्यांचा भरवसा नसतो. खांद्यापुढच्या चोचीसारख्या हाडाचा तुकडा, त्याच्या स्नायूंसकट, कडेला स्क्रूने बसवावा लागतो. फ्रान्सच्या लातार्जे यांनी १९५४ साली सांगितलेली ही शस्त्रक्रिया. मुलाला पोलीस भरतीचा ध्यास, आणि भरतीत गोळाफेक! माऊलीने एवढेच विचारले, "पहिल्याच खेपेला असं चित्र का नाही काढलं कुणी?"

प्रश्न अडाणी नव्हता. दुखणे थांबले की ते गेले, असे आपण सारेच धरून चालतो. लहान वयात खांदा एकदा निखळला, तर तो बसल्यावरही तज्ज्ञाला दाखवावा. त्या घरात हे फार उशिरा कळले.

शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ महिने व्यायामात गेले. गेल्या दिवाळीत त्याने ओसरीवर आकाशकंदील स्वतःच्या हाताने टांगला. सारे जण कंदिलाकडे पाहत होते. आई मात्र त्याच्या खांद्याकडे पाहत होती.