उंबऱ्यावरची खाट

माझा धंदा हिशेबाचा. गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये धान किती आत आले आणि तांदूळ किती बाहेर गेला, हे मी गेली पंचवीस वर्षे लिहीत आलो आहे. तेव्हा घरात इंटरनेट किती येते आणि ते कोणाच्या वाट्याला किती जाते, याचा हिशेब मला जड जाणार नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

निमित्त झाले चिरंजीवांच्या पहिल्या चाचणीचे. मुलगा नववीत, गणितात वीसांपैकी पाच. "रात्री उशिरापर्यंत त्याच्या पांघरुणात उजेड असतो," असे सौभाग्यवतींनी सांगितले. मी विचारले, तर तो म्हणाला, "नाही बाबा, मी दहालाच झोपतो." त्या पाच गुणांपेक्षा ते 'दहालाच' मला अधिक लागले. आमच्या घरात तोवर कोणी कोणाशी खोटे बोलत नसे, निदान मला तसे वाटत होते.

आमच्या बैठकीत, देवाच्या तसबिरीखाली, दोन शिंगे उगारून बसलेली एक पांढरी पेटी आहे. तिला राउटर म्हणतात. तिच्या पोटात मुलांना आवर घालण्याची सोय असते, हे मला मिलमधल्या एका तरुण कारकुनाने सांगितले. १९२.१६८.१.१ हा पेटीचा घरगुती पत्ता. तो मोबाइलवर लिहिला, की पेटी परवलीचा शब्द विचारते आणि दार उघडते. रात्री दहा ते सकाळी सहा साऱ्या घराचे इंटरनेट बंद, असा हुकूम सोडून मी समाधानाने आडवा झालो.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी सौभाग्यवती नागपूरच्या बहिणीशी फोनवर समोरासमोर बोलतात, तो त्यांचा नेम. तो मोडला. साडेअकराला पेटी आपोआप जिवंत झाली. पुढचे दोन दिवस तेच. रात्री सारे सुरळीत, सकाळी सारे ठप्प. हिशेबनिसाच्या डोक्यात अखेर प्रकाश पडला : फरक साडेपाच तासांचा होता! पेटीचे घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर चालत होते. तिच्या रात्रीचे दहा म्हणजे आपले पहाटेचे साडेतीन. मुलाला पहाटे साडेतीनपर्यंत जागण्याची मी रीतसर परवानगी देऊन ठेवली होती.

पेटीला भारताची वेळ शिकवली. पण पुष्कळशा राउटरांना वीज गेली की काळाचे भानच राहत नाही. वीज परत आली, की बाहेरून खरी वेळ मिळेपर्यंत त्यांच्या लेखी १ जानेवारी १९७० उजाडलेली असते. त्या दिवशी माझाच जन्म झाला नव्हता, तिथे चिरंजीवांना कोण अडवणार?

मग सौभाग्यवतींच्या आग्रहाखातर साऱ्या घराऐवजी फक्त चिरंजीवांचाच फोन अडवला. दोन रात्री शांतता लाभली आणि तिसऱ्या रात्री पांघरूण पुन्हा उजळले. प्रत्येक फोनला कारखान्यातून एक कायमचा पत्ता मिळालेला असतो. परंतु परक्या लोकांनी माग काढू नये म्हणून, अँड्रॉइड २०१९ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून आणि आयफोन २०२० सालच्या चौदाव्या आवृत्तीपासून, राउटरला एक बनावट पत्ता सांगतात. मी अडवला होता तो बनावट. मुलाने एक कळ फिरवून खरा पत्ता पुढे केला आणि पेटीने त्याला नवा पाहुणा समजून पाट मांडला. परवलीचा शब्द तर पेटीच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर छापलेलाच होता. कुलपालाच किल्ली बांधून ठेवण्याचा हा प्रकार!

मी परवलीचा शब्द बदलला आणि उलटा डाव टाकला : ओळखीच्यांनाच प्रवेश, बाकी सारे बाहेर. त्यासाठी पेटीकडची यादी काढली. सौ.चा फोन, चिरंजीवांचा फोन, टीव्ही. आणि एक निनावी, रोज रात्री एक वाजेपर्यंत जागणारा. त्याच्या पत्त्यातले दुसरे अक्षर ई होते. दुसऱ्या जागी २, ६, ए किंवा ई आले, की पत्ता बनावट समजावा, हे मी एव्हाना शिकलो होतो. म्हटले, सापडला चोर! कुणा मित्राचा फोन लपवून आणला असणार. मी त्याला घराबाहेर काढले.

त्या रात्री अकराला माझाच फोन बंद पडला.

मी बराच वेळ अंधारात बसून राहिलो. तो निनावी मीच होतो. धानाचे भाव, जुनी गाणी आणि अनोळखी माणसांची भांडणे पाहत मी रोज एकपर्यंत जागत होतो. आणि मिलमध्ये सर्वांना सांगत होतो, की मी दहाला पडतो. सकाळी मुलाला हे सांगितले. तो खाली मान घालून म्हणाला, "मला माहीत होते. तुमच्या खोलीतला उजेड गेला, की मी झोपतो."

त्या वेळी मला माझी आजी आठवली. आमचे गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. मी बाहेर पळू नये म्हणून वडिलांनी आजीची खाट उंबऱ्याला आडवी लावली होती. परीक्षेच्या दिवसांत मी पाय उचलला, की आजी खोकत असे. मंडईच्या रात्री मी तिला ओलांडले, तेव्हा ती डोळे न उघडता म्हणाली, "येताना कडी लावजो." मी कडी लावली. त्यानंतर कधी न विचारता गेलो नाही.

पेटीला हे कसे जमावे? तिचे घड्याळ आता बिनचूक आहे. पण खोकावे केव्हा आणि झोपेचे सोंग घ्यावे केव्हा, हे तिला कळत नाही. शिवाय ती सांभाळते ते घराचे एकच दार. सिमकार्डाचे इंटरनेट तिच्या अंगणातूनही जात नाही.

आता आमच्याकडे रात्री दहाला तीन फोन पेटीशेजारच्या ताटलीत पडतात. पहिला माझा. दुसऱ्या चाचणीत वीसांपैकी नऊ गुण मिळाले. उत्तरपत्रिका चिरंजीवांनी आपण होऊन दाखवली. परवा भीतभीत त्याने विचारले, की यंदा मंडईच्या रात्री नाटकाला गेलो तर चालेल का. मी म्हणालो, "चालेल. मीही येतो."

कडी लावायची जबाबदारी मात्र त्याच्यावर सोपवली आहे.