रायगडावरचा वाघ्या: साखळी आणि पुरावा

पांढरकवड्याचा एखादा तरुण साखळीला बांधलेला कुत्रा घेऊन रायगडी निघाला, तर त्याला नियम आडवा येईल. १९५९ च्या पुरातत्त्व नियमांनुसार संरक्षित स्मारकात, देखभालीचे काम वगळता, प्राणी आणण्यास मनाई आहे. शिवसमाधीजवळ मात्र उंच चौथऱ्यावर वाघ्या आहे!

महाराजांच्या चितेत झेपावलेल्या या श्वानाची कथा समकालीन साधनांत आढळत नाही. होळकरांच्या देणगीतून हे स्मारक १९३६ साली उभारले गेले. २०१२ मध्ये पुतळा हटवला गेला आणि पुन्हा बसवला गेला.

म्हणून वाघ्या १६८० चा पुरावा ठरत नाही. विसाव्या शतकातील मराठी मनाने निष्ठेची कल्पना कशी केली, याचा तो पुरावा आहे. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले, तर श्रद्धा दुखावल्याशिवायही इतिहास सांगता येतो.