चार रंगांची साक्ष

रंगीत लेझर प्रिंटर उघडायचा म्हटलं की दुरुस्तीत मुरलेली माणसंही जरा बिचकतात. काळ्या-पांढऱ्या यंत्रात एक ड्रम आणि एक टोनर. इथे निळा, किरमिजी, पिवळा, काळा अशा चार रंगांचे बहुधा चार ड्रम, चार डेव्हलपर, शिवाय चारही रंगांची चित्रं एकावर एक झेलणारा ट्रान्स्फर बेल्ट. भाग चौपट, म्हणून बिघाडाच्या जागाही चौपट, हा हिशेब वरवर बिनतोड वाटतो. माझा अनुभव उलट आहे. यांत्रिक दोष हुडकायला रंगीत यंत्र जास्त सोपं, कारण तेच काम चार सारख्या जागी एकाच वेळी चालू असतं. एका जागी बिनसलं तर उरलेल्या तिन्ही जागा तुलनेला हजर असतात. एका ड्रमच्या यंत्रात ही सोय नाही. तिथे संशयित भाग काढून दुसरा घालून बघण्यावाचून बरेचदा गत्यंतर नसतं. पंचाईत अशी, की तीच सवय घेऊन आपण रंगीत यंत्राकडे येतो.

समजा, पानावर दर ७५ मिलिमीटरवर एक ठिपका उमटतो आहे. ठरावीक अंतराने उमटणारी खूण म्हणजे फिरणाऱ्या कुठल्यातरी रोलरवरची इजा, आणि ते अंतर म्हणजे त्या रोलरचा परीघ. २४ मिलिमीटर व्यासाच्या ड्रमचा परीघ साधारण ७५ येतो, ३० व्यासाच्या ड्रमचा ९४. फूटपट्टी आणि π, एवढ्यावर संशयितांची यादी पाच-सहा नावांपर्यंत खाली येते. पण टोनर भाजून कागदावर पक्का करणाऱ्या फ्यूजरचा रोलरही २४ मिलिमीटरचाच असला तर? फूटपट्टी तिथे थांबते आणि रंग बोलायला लागतात. चारही रंगांचं एकेक भरगच्च पान काढावं. ठिपका फक्त किरमिजी पानावर असेल तर फ्यूजर सुटला, कारण फ्यूजर चारही रंगांना सारखंच भाजतो. चारही पानांवर असेल तर चारही ड्रम सुटले. एकाच वेळी चार ड्रमना सारखी इजा होणं जवळजवळ अशक्य. मग सगळ्यांत सामायिक असलेलेच भाग उरतात: बेल्ट, कागदावर चित्र उतरवणारा ट्रान्स्फर रोलर आणि फ्यूजर. बेल्टचा परीघ बहुतेक यंत्रांत ए-फोर पानाच्या लांबीपेक्षा मोठा असतो, त्यामुळे त्याची खूण पानागणिक जागा बदलते किंवा एखादं पान सोडून येते. पिवळ्या पानाबाबत मात्र सावध राहायला हवं. पांढऱ्यावरचा पिवळा डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, आणि पिवळा ड्रम नुसत्या नजरचुकीने निर्दोष ठरतो. निळ्या प्रकाशात तेच पान धरलं की पिवळा काळपट होऊन उठून दिसतो. पट्ट्यांनाही हाच न्याय लावावा. रोलरच्या परिघाशी न जुळणाऱ्या, काही मिलिमीटर अंतराच्या फिक्या-गडद आडव्या पट्ट्या बहुधा गिअरच्या दात्यांचं बिंग उघडं करतात. त्या एकाच रंगात दिसल्या तर त्या ड्रमचा गिअर बघावा, सगळ्या रंगांत दिसल्या तर बेल्ट फिरवणारी बाजू.

या नियमाला अपवाद आहेत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. बेल्टवर आधी बसलेला रंग पुढच्या ड्रमखालून जाताना थोडासा त्या ड्रमला चिकटतो. त्यामुळे शेवटच्या ड्रमचा ओरखडा पहिल्या रंगाच्या पानावरही पुसटसा उतरू शकतो, आणि एकाचा दोष सगळ्यांचा वाटतो. अशा वेळी छपाई चालू असतानाच दार उघडून यंत्र अर्ध्यावर थांबवावं. कागदावर अजून न भाजलेलं चित्र, बेल्टवर उतरलेलं चित्र, ड्रमवरचं चित्र असे सगळे टप्पे वेगवेगळे बघायला मिळतात. बेल्टवरच खूण असेल तर फ्यूजरला दोष देण्यात काही हशील नाही. या छपाईमागची पद्धत शोधणाऱ्या चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरियात पहिली प्रत काढली तेव्हा हे टप्पे मुळात सुटेच होते: गंधकाचा लेप दिलेली जस्ताची पट्टी कापडाने घासून भारित करायची, मग प्रकाश, मग भुकटी, मग मेणकागदावर उतरवणं, मग उष्णता. आज हे सगळं काही सेकंदांत एका डब्यात उरकतं, म्हणून आपण त्याला एकच क्रिया समजतो. (थांबवलेल्या यंत्रात हात घालताना दोन गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. फ्यूजर दीडशे अंशांच्या वर तापलेला असतो, आणि सांडलेला टोनर घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नये. कण इतके बारीक असतात की साध्या पिशवीतून ते आरपार निघून खोलीभर होतात.)

धंद्यातल्या लोकांचा आक्षेप वेगळा असतो. एवढी पानं काढत बसण्यापेक्षा भाग बदलला तर दहा मिनिटांत गिऱ्हाईक मोकळं, शिवाय पडद्यावर यंत्रच सांगतं की फ्यूजर बदला. वेळेचा मुद्दा खोटा नाही. पण चार पानांना लागतात दोन-तीन मिनिटं, आणि रंगीत यंत्राचा बेल्ट किंवा फ्यूजर स्वस्त नसतो. पडद्यावरची सूचना अनेकदा छापलेल्या पानांची मोजदाद असते. भागाचं अपेक्षित आयुष्य संपलं एवढंच ती सांगते, आजचा ठिपका त्याच्यामुळे आहे असं तिचं म्हणणं नसतं. त्याहून घातक गोष्ट अशी की भाग बदलल्यावर दोष गेला, एवढ्याने तो भाग दोषी होता हे सिद्ध होत नाही. काढ-घाल करताना सैल संपर्क घट्ट बसतो, नीट न बसलेली खाच जागेवर येते, आणि श्रेय नव्या भागाला जातं. जुना भाग परत घालून दोष परत येतो का हे बघितल्याशिवाय बिल फाडू नये, असं मला वाटतं. हे करणारे थोडे, कारण उत्तर गैरसोयीचं निघण्याची भीती असते.

खरा अवघड आक्षेप कागद ओढण्याच्या बिघाडाचा. तिथे रंग मदतीला येत नाहीत. तरी तुलनेची जागा असते, फक्त ती रंगांऐवजी वाटांमध्ये असते: खालचा ट्रे, हाताने कागद घालायचा ट्रे, एका बाजूची छपाई, दोन्ही बाजूंची छपाई. कागद अडकल्याचा संदेश मुळात वेळेबद्दल असतो. पानाची कड अमुक सेन्सरपाशी ठरल्या वेळात पोचली नाही किंवा तिथून हलली नाही, इतकंच यंत्राला कळतं. म्हणून पान जिथे थांबलं तिथेच दोष असेलच असं नाही. कागद नसतानाही अडकल्याचा संदेश येत असेल तर सेन्सरची पट्टी किंवा तिची स्प्रिंग बघावी. खालच्या ट्रेतून दोन-दोन पानं येतात आणि हातट्रे ठीक चालतो, अशा वेळी पहिला संशय झिजून गुळगुळीत झालेल्या रोलरवर आणि सेपरेशन पॅडवर जातो, आणि तो बहुधा रास्तही असतो. पण नवा रोलर-पॅड घालूनही तेच घडलं तर पिकअप रोलर सोडणाऱ्या सोलेनॉइडकडे बघावं. त्याच्या आर्मेचरखाली, म्हणजे हलणाऱ्या लोखंडी पट्टीखाली, आवाज मुरवायला मऊ गादीचा तुकडा चिकटवलेला असतो. काही वर्षांनी तो चिकट गोंदासारखा होतो, आर्मेचर क्षणभर उशिरा सुटतं आणि रोलर एक फेरा जास्त घेतो. यंत्र सकाळी थंड असताना एक वागणूक आणि दुपारी गरम झाल्यावर दुसरी, हे याचं लक्षण असू शकतं. गादी खरवडून, अल्कोहोलने पुसून तिथे पातळ टेप लावली की काम भागतं.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर या चौकशीला आणखी एक जोड द्यावी लागते. उघड्या रिममधला कागद हवेतली ओल पितो. ओलसर कागदाचा विद्युतरोध घटतो, टोनर अर्धवट उतरतो, फ्यूजरमधून निघताना पानाची गुंडाळी होते. फिका रंग, अडकणारा कागद, वळलेली पानं ही तिन्ही लक्षणं एकदम आली की तीन भाग बिघडल्यासारखं वाटतं. नव्या, बंद वेष्टनातल्या रिममधली पाच पानं आधी घालून बघावी, आणि ती नीट आली तर स्क्रू-ड्रायव्हर पेटीतच ठेवावा.