कुसुबीच्या बोंडातली माशी

माझ्या माहेरी, बेळगावकडे, जिला करडई म्हणतात तिला सासरी कुसुबी म्हणतात. नाव बदलले तरी काटे तेच! धारवाडच्या काळ्या रानात हरभऱ्याभोवती, जोंधळ्याभोवती कुसुबीच्या चार ओळी घातल्या, की गुरे आत तोंड घालत नाहीत. आपल्या अण्णिगेरीच्या कृषी संशोधन केंद्राने तर करडईचे ‘ए-१’ हे वाणच शेतकऱ्यांना दिले.

पण या काट्यांना न भिणारी एक माशी आहे. हापूस आंब्यात अळ्या करणारी फळमाशी आपण सगळे ओळखतो. ही तिच्याच कुळातली, मात्र फळात नव्हे, फुलाच्या बोंडात वाढणारी. शास्त्रीय नाव अकॅन्थिओफिलस हेलिअँथी. ग्रीक भाषेत अकॅन्था म्हणजे काटा आणि फिलोस म्हणजे प्रेमी! राखी रंगाची ही इवलीशी माशी कळीतच अंडी घालते. अळ्या आतला कोवळा भाग खातात, तिथेच कोषात जातात आणि माशी होऊन बाहेर पडतात. बोंड वरून धडधाकट दिसते; दाबून पाहावे तर ओलसर, कुजका वास येणारे. दाणे भरतच नाहीत.

एका सुगीला आमची बरीच बोंडे अशी निघाली. दीर वैतागून म्हणाले, “पुढच्या वर्षी कुसुबी नको. सगळा हरभराच पेरू. तेल काय, पाकिटातून मिळतेच.”

अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, शांतपणे म्हणाल्या, “आणि हुग्गी? तीही पाकिटातून आणणार काय?”

कुसुबी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून काढलेले दूध, त्यात गहू आणि गूळ. आमच्या घरी ही हुग्गी अव्वांच्याच हातची. मी अजून शिकतेच आहे.

फुलोऱ्यात औषध फवारले तर मधमाश्याही मरतात, म्हणून पुढच्या हंगामात अव्वांनी वेगळाच उपाय केला. हाताला गोणपाट गुंडाळून, किडकी बोंडे खुडून बांधावर जाळली. दीरही मग कुरकुरत मदतीला आले. थोडी बोंडे गेलीच. पण हुग्गीपुरते दाणे डब्यात पडले.

करडई पेरणे आपण सोडले, म्हणून ही माशी काही उपाशी मरणार नाही. करडईच्या रानटी काटेरी भावंडांवरही तिचे भागते. हुग्गीचे मात्र कुसुबीवाचून भागत नाही. म्हणून आमच्या चार ओळी अजून आहेत.