शिवडीहून परळकडे

हिवाळ्याच्या अखेरीस ओहोटीची वेळ साधून आपण शिवडीला जाल, ते बहुधा रोहित पक्षी पाहण्यासाठी. चिखलावरचा तो गुलाबी थवा पाहावाच. मात्र घरी ज्येष्ठ मंडळी असतील तर परतताना परळच्या दिशेने वळावे. जेरबाई वाडिया मार्गावर महापालिकेचे क्षयरोग रुग्णालय लागते. पुढे परळला, जुन्या गव्हर्न्मेंट हाउसच्या वास्तूत, हाफकिन संस्था आहे. १० जानेवारी १८९७ रोजी भायखळ्यात डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. म्हणजे ती पहिली लस प्रौढालाच टोचली गेली. आपण मात्र लस म्हणजे बाळाची, असे धरून बसलो.

डॉक्टरही त्याला अपवाद नाहीत. माझे वडील मधुमेही. वर्षानुवर्षे एकाच दवाखान्यात साखर मोजली जाई, गोळ्या बदलत. लशीचा विषय कधी निघाला नाही. न्यूमोनियाने अकरा दिवस रुग्णालयात काढल्यावर मीच विचारले. उत्तर मिळाले, "घ्यायला हरकत नाही." 'हरकत नाही' आणि 'घ्या' यांत केवढे अंतर! वडील 'घ्या' ऐकण्यासाठी थांबले होते.

चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेलो. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. गोठली तरी ती वाया जाते. दुकानदाराने थंड डबा दिला आणि वाटेत कुठेही न थांबता दवाखाना गाठण्यास बजावले. इंग्लंडमध्ये २०१५ पासून पात्र ज्येष्ठांना फ्लूची लस औषधाच्या दुकानातच सरकारी खर्चाने टोचली जाते. आपल्याकडे दुकानदार ती विकतो, टोचत नाही. जिना उतरणेही ज्यांना जड, त्यांना कोपऱ्यावरचे दुकान सोयीचे, हे मान्य. परंतु लशीनंतर क्वचित तीव्र ॲलर्जी उद्भवते. ती सांभाळण्याचे प्रशिक्षण व तयारी नसेल तर ती सोय मला नको.

२०२४ मध्ये मुंबई महापालिकेने साठीपुढील व्यक्ती, मधुमेही आणि क्षयरुग्णांचे निकटवर्ती अशांसाठी ऐच्छिक बीसीजी लसीकरण हाती घेतले, तेव्हा हा विषय थोडा चर्चेत आला. आपण पुढच्या तपासणीला जाल तेव्हा कागदावर तीन नावे लिहून न्या: दरवर्षीची फ्लूची लस, न्यूमोकोकल आणि नागिणीची. 'घेऊ का?' असे न विचारता, 'माझे वय व आजार पाहता यांतली कोणती, केव्हा?' असे विचारा. आधीच्या ॲलर्जीही सांगा.

वडिलांच्या वहीत आता साखरेच्या आकड्यांशेजारी लशीची तारीखही असते.