जिजाऊंच्या माहेरी एक दिवस

मैत्रिणींनो, दिवाळीची सुटी लागली की मुलांचा एकच धोशा सुरू होतो, "कुठेतरी जाऊ या ना!" फराळाचे डबे तळाला गेलेले, पाहुणे परतलेले आणि आपल्या अंगात त्राण उरलेलं नसतं. लांबचा प्रवास खिशाला झेपत नाही. अशा वेळी सकाळी जाऊन रात्री परत येता येईल असं ठिकाण हवं. यंदा आम्ही अकोल्याहून सिंदखेडराजाला गेलो. राजवाडे बघायला लोक म्हैसूर-जयपूर गाठतात. पण आपल्या वऱ्हाडातच, बुलढाणा जिल्ह्यात, लखुजीराव जाधवांचा राजवाडा आहे. १२ जानेवारी १५९८ ला जिजाऊंचा जन्म इथलाच. शाळेत मी मुलांना हे दरवर्षी शिकवते, पण स्वतः पाहिलेलं नव्हतं!

अकोल्याहून अंतर साधारण दीडशे किलोमीटर. पातूर, मालेगाव, मेहकर असा रस्ता आहे. पहाटे सहाला निघालो. बरोबर धपाटे, तिळाची चटणी, उकडलेले बटाटे आणि आईने अमरावतीहून आणलेली संत्री. दही मात्र नेऊ नका. उन्हाने आंबतं आणि सांडलं की सगळी पिशवी खराब. सुलतानपूरला लोणारचा फाटा लागला तशी मुलं हटून बसली. पण ऐका माझं, दोन्ही ठिकाणं एका दिवसात उरकायला जाऊ नका. धड एकही पाहून होत नाही.

आई बरोबर होती, त्यालाही कारण होतं. आमचं अमरावतीचं घर यंदा विकायला काढलं आहे. बाबांच्या माघारी एवढ्या घरात आई एकटी. दादाची नोकरी पुण्याला. त्याचं म्हणणं चूक नव्हतं, पण मला विचारलं नाही, नुसती सहीपुरती आठवण काढली, हे माझ्या मनाला लागलं होतं. भाऊबीजेलाही मी फोनवर चार शब्दांवर भागवलं होतं. आईने ते ऐकलं आणि काही बोलली नाही.

सिंदखेडराजात शिरताना रस्त्यालगतच राजवाड्याचं उंच महाद्वार दिसतं. आत गेल्यावर मात्र पुष्कळ कल्पनेने उभं करावं लागतं. जोती, कमानी, तळघरं एवढंच उरलं आहे. मुलगा तळघरात डोकावला, आई जोत्यांकडे बघत म्हणाली, "बाप्पा, एवढं मोठं घर! झाडायले किती बाया लागत असतीन?" आम्ही सगळे हसलो, पण खरंच, राजवाडा म्हटलं की आपल्याला तलवारी आठवतात, तिथली चूल कुणी पेटवली, पाणी कुणी भरलं, हे कोण विचारतं?

ज्या जागी जिजाऊंचा जन्म झाला तिला म्हाळसा महाल म्हणतात. म्हाळसाबाई हे जिजाऊंच्या आईचं नाव. शिवबांना जवळ घेतलेल्या जिजाऊंचा पुतळा तिथे आहे. रंगमहालाची गोष्ट तर तुम्हाला ठाऊकच असेल: रंगपंचमीला लहानग्या जिजाऊ आणि शहाजी एकमेकांवर रंग उडवू लागले आणि लखुजीराव सहज बोलून गेले, जोडा किती छान दिसतो!

पुढची हकीगत मात्र हसण्यासारखी नाही. दरबारात हत्ती बिथरल्याचं निमित्त झालं आणि जाधव-भोसल्यांमध्ये तलवारी निघाल्या, असं बखरी सांगतात. त्यात जिजाऊंचे भाऊ दत्ताजी गेले. सासर आणि माहेर असं वैरी झालं. मग २५ जुलै १६२९ ला दौलताबादेस निजामशहाने लखुजीरावांना दगाफटक्याने मारलं. अचलोजी आणि राघोजी हे दोन मुलगे आणि नातू यशवंतराव हेही त्यांच्याबरोबर गेले. त्यानंतर जेमतेम सात महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० ला, शिवनेरीवर शिवबा जन्मले. म्हणजे बाप-भाऊ गेल्याची बातमी आली तेव्हा जिजाऊंना दिवस गेलेले होते. बायांनो, क्षणभर आपण त्या जागी उभ्या राहून बघा.

लेकीने विचारलं, "मग जिजाऊ दिवाळीला कुणाकडे जात असतील?" मला उत्तर सुचलं नाही.

दुपारी लखुजीरावांची समाधी पाहिली. चांगली मोठी दगडी इमारत आहे, सावलीही मिळते. याच परिसरात २०२४ साली पुरातत्त्व खात्याला उत्खननात शेषशायी विष्णूची सुंदर मूर्ती सापडली. मोती तलाव, चांदणी तलाव आणि शिल्पांनी सजलेली पुतळा बारव हीदेखील चुकवू नका. बारवेच्या पायऱ्या उतरताना मुलांचा हात सोडू नका आणि पायांत पट्ट्याच्या चपला असू द्या. १२ जानेवारीला इथे जन्मोत्सवाची फार गर्दी असते. लहान मुलं असतील तर दुसरा दिवस निवडा.

निघण्यापूर्वी आई पुन्हा म्हाळसा महालापाशी थांबली. भिंतीवरून हात फिरवत म्हणाली, "भिंती त पडतेच माय, राजाच्या असो की आपल्या. पण भावाशी बोलनं तोडू नको. जिजाऊचे त तीन भाऊ असे गेले." सगळे गाडीत बसले होते, म्हणून मी डोळे पुसायला तोंड फिरवलं.

मेहकरला चहाला थांबलो तेव्हा दादाला फोन लावला. घराचं काही बोलले नाही. आजीच्या हातचं जातं आणि देव्हारा मला हवा, एवढंच सांगितलं. तिकडून थोडा वेळ आवाज आला नाही, मग म्हणाला, "तू येऊन काय काय न्यायचं ते बघ ना. मीही येतो."

पुढच्या महिन्यात जाणार आहे. तुम्हीही या सुटीत सिंदखेडराजाला जाऊन या आणि आई असेल तर तिला बरोबर न्या.