चार खोल्या, एक गाणं

गोव्यातल्या जुन्या चौकी घरात आवाजासाठी वेगळी सोय करावी लागत नसे. मधोमध राजांगण, त्याच्या चारी बाजूंनी सोपे, सोप्यांना लागून खोल्या. तुळशीपाशी कुणी दिवा लावून श्लोक म्हटला तरी तो रांधपाच्या खोलीत पोचायचा. रेडिओ एकच, तोही घरातल्या कर्त्या माणसाच्या खुर्चीजवळ. १९४६ साली सुरू झालेलं एमिसोरा दि गोवा असो की मुक्तीनंतरचं आकाशवाणी पणजी, रेडिओ लागला की तो सगळ्या घराला लागायचा. काय लावायचं हे मात्र एकच माणूस ठरवायचा. आज उलट झालंय. प्रत्येकाच्या कानात स्वतःचं गाणं आहे, आणि शेजारी बसलेला काय ऐकतोय याचा पत्ता नाही.

हा विषय डोक्यात आला तो बालाघाटला. माझी थोरली बहीण पस्तीस वर्षांपूर्वी फोंड्याहून तिथे नांदायला गेली. गोव्यात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न, "म्हणजे मराठवाड्यात का?" नव्हे हो, तो बालाघाटचा डोंगर वेगळा. हे बालाघाट मध्य प्रदेशात, वैनगंगेच्या अंगाला, गोंदियापासून चाळीसेक किलोमीटरवर. हा मुलूख एकेकाळी नागपूरकर भोसल्यांचा. १९५६ साली राज्यं नव्याने आखली गेली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात आलं, बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. त्यामुळे बाजारात हिंदी, खेड्यापाड्यांत पोवारी नि गोंडी, आणि ताईच्या घरात मराठी. त्या घराचा कान कायम नागपूरकडे. १९४८ साली सुरू झालेलं नागपूर केंद्र ऐकत तिथल्या दोन पिढ्या मराठी राहिल्या असं भावोजी म्हणायचे.

म्हणायचे, असं लिहावं लागतंय. दोन वर्षांपूर्वी भावोजींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं, पण शब्द निघत नाही. त्यांची खाट मागच्या खोलीत, कारण न्हाणीघर तिथून जवळ. घर लांबट, कवेलूंचं, मातीच्या जाड भिंतींचं. पुढच्या बैठकीत गाणी लागली तर मागे नुसती गुणगुण पोचते. म्हणून ताई सकाळी बैठकीतला आवाज खूप मोठा करून अभंग लावायची, "त्यांना ऐकू जावेत म्हणून".

भाच्याने बंगळूरहून उपाय सुचवला : प्रत्येक खोलीत एकेक वायफायवाला स्पीकर. तोंडाने सांगायचं, तो गाणं लावतो. कल्पना चांगली. असे घरभर एका तालात वाजणारे स्पीकर २००५ सालापासून बाजारात आहेत, आता तर स्वस्तही झालेत. पण तोंडाने सांगून चालणारा स्पीकर न बोलू शकणाऱ्या माणसाच्या काय कामाचा? आणि फोनच्या काचेवर बोट सरकवणं डाव्या हाताला जमेना. जाड भिंतींमागे वायफाय पोचत नव्हतं, वीज जायची ती वेगळीच.

दुसरी अडचण वेळेची. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे दहा मीटर जायला सेकंदाचा चौतिसावा भाग. एवढा फरक कान पोटात घालतो, दोन आवाज एकच समजतो. हेल्मुट हास नावाच्या जर्मन संशोधकाने १९४९ साली हे मोजून दाखवलं. फरक याहून बराच वाढला की मात्र गाणं दुहेरी ऐकू येतं. ब्लूटूथवर पाव सेकंदापर्यंतही उशीर होऊ शकतो. दोन खोल्यांत दोन असे स्पीकर ठेवा आणि मधल्या दारात उभे राहा, गायक स्वतःच्याच मागून धावताना ऐकू येईल. वायफायची चांगली यंत्रं घड्याळं जुळवून हे सांभाळतात, पण त्यासाठी वायफाय धड हवं. तारेला असलं काही करावं लागत नाही. तारेतून सगळीकडे एकदमच पोचतं.

तेव्हा तार ठरली. आता तुम्ही म्हणाल, एका ॲम्प्लिफायरला चार स्पीकर जोडले की झालं. होत नाही. घरगुती स्पीकर बहुधा आठ ओहमचा. चार समांतर जोडले तर ॲम्प्लिफायरला दोनच ओहम दिसतात. चार ओहमसाठी बनवलेलं यंत्र त्यावर तापतं आणि बसतं. यावरचा जुना तोडगा आपण सगळ्यांनी पाहिलाय, फक्त ओळखलेला नाही. रेल्वे फलाटावर ओळीने लागलेले स्पीकर, देवळाच्या सभामंडपातले स्पीकर... हे 'शंभर व्होल्ट लाइन'वर चालतात. ॲम्प्लिफायर आवाज चढ्या व्होल्टेजवर पाठवतो, प्रत्येक स्पीकरला छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तो ते पुन्हा उतरवून घेतो. विजेच्या मोठ्या तारांचीच युक्ती. चाळीस वॅट आठ ओहमवर पाठवायचे तर सव्वादोन अँपिअर लागतात, शंभर व्होल्टवर अर्ध्या अँपिअरहून कमी. म्हणून साधी तार पुरते, लांबीची भीती नाही. हिशेबही सोपा : सगळ्या स्पीकरांच्या वॅटची बेरीज ॲम्प्लिफायरच्या आत हवी.

आमची बेरीज अशी. बैठक दहा, ओसरी दहा, स्वयंपाकघर पाच, मागची खोली पाच, एकूण तीस. ॲम्प्लिफायर चाळीसचा. गावातल्या मंडपवाल्याच्या ओळखीचा माईकवाला आला, सामान बघून हसला : "भैयाजी, ये तो टेशनवाला सिस्टम है, घर में कौन लगाता है?" पण दुपारभरात त्याने तार ओढली, वासे नि भिंत यांच्या सांध्यातून, कुठे दिसू न देता. हे यंत्र बारा व्होल्टच्या बॅटरीवरही चालतं, लग्नाच्या वरातीसाठी केलेली सोय. वीज गेली तरी गाणं थांबत नाही. खोटं कशाला सांगू, शौकिनांना हा आवाज आवडणार नाही. लहान ट्रान्सफॉर्मरमुळे तबल्याचा बायाँ जरा बारीक होतो आणि स्टीरिओ विसरावा लागतो. पण खोल्याखोल्यांतून कामं करत फिरणाऱ्या बाईला स्टीरिओ कुठे सापडणार?

तार हातात घेतली तेव्हा गंमत वाटली. याच जिल्ह्यात, बैहरच्या पलीकडे मलाजखंडला देशातली सर्वांत मोठी तांब्याची खाण आहे, हिंदुस्तान कॉपरची. आमच्या तारेतलं तांबं कुठलं, कोण जाणे!

प्रत्येक खोलीत आवाज कमीजास्त करायचं वेगळं बटण असतं, पंख्याच्या रेग्युलेटरसारखं. भावोजींचं बटण भिंतीवर न लावता एका फळीवर बसवून खाटेच्या डाव्या कडेला पक्कं केलं, हात पोचेल असं. पहिल्या संध्याकाळी नाट्यसंगीत लावलं. त्यांनी बटण हळूहळू फिरवत पुष्कळ वर नेलं. ताई पोळ्या लाटता लाटता गुणगुणत होती, आणि मागच्या खोलीत तेच कडवं त्याच क्षणी चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभंग लागले आणि मागची खोली गप्प झाली. ताई घाबरली, तार तुटली म्हणून. मी जाऊन पाहिलं. तार शाबूत होती, बटण शून्यावर होतं, आणि भावोजी आमच्याकडे बघत होते. ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, रोज नको होते का?" त्यांनी मान हलवली. मग तिने एकेक विचारलं. गाणी? बातम्या? बातम्यांवर मान होकारली. ज्या माणसाने सगळ्या घराचा रेडिओ तीस वर्षं लावला, त्याला काय हवं हे दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. सेवा सगळ्यांनी मनापासून केली होती. पण सेवेलाही 'नको' म्हणायची सोय लागते, आणि ती वाचेबरोबर गेली होती.

आता सकाळी सातला त्या घरात आधी बातम्या लागतात, अभंग त्यानंतर. अभंगांच्या वेळी मागचं बटण कधी शून्यावर असतं, कधी नसतं. ताई त्याचं वाईट वाटून घेत नाही.

कुणी घरात अशी तार ओढणार असाल तर एवढंच सुचवेन. बैठकीपासून सुरुवात करू नका. जो माणूस उठून दुसऱ्या खोलीत जाऊ शकत नाही, त्याच्या खोलीपासून करा. आणि बटण त्याच्या चालत्या हाताच्या बाजूला लावा.